बारा खाटांची न्याहारी

गल्लीत कुणीतरी ज्वारी भिजत घातली आहे. कुणी, ते अजून कळलेलं नाही. पण घातली आहे एवढं नक्की. तीन दिवस पाण्यात बसलेल्या ज्वारीचा वास लपत नाही. आंबूस, थोडा ताकासारखा, थोडा ओल्या पोत्यासारखा. विसरवाडीच्या हायवेवर दिवसभर ट्रक धावतात. डिझेलचा धूर, तापलेले टायर, ढाब्यांच्या फोडण्या, या सगळ्यांना कोपरानं ढकलत हा वास पुढे येतो आणि माझ्या दुकानाच्या काउंटरवर मांडी घालून बसतो. सुरतेकडे निघालेले ड्रायव्हर एप्रिलात आमचं गाव आलं की काचा वर करतात आणि गुजरातची हद्द लागली की खाली घेतात, असं मी ऐकलंय. म्हणजे पहिल्यांदा मीच सांगितलं होतं कुणाला तरी. पण नंतर तेच एका परक्या माणसानं मला सांगितलं, तेव्हा ते खरंच असणार.

आमच्याकडे न्याहारी सकाळी करत नाहीत. ती एप्रिल-मे महिन्यात करतात आणि पुढच्या होळीपर्यंत खातात. सकाळी कुणाला सवड असते? कुणाला शेतावर जायचं, कुणाला जीप गाठायची, कुणाला शाळा. म्हणून ऊन फुकट मिळतंय तोवर सगळं करून ठेवायचं. यात राजा म्हणजे बिबडं, ज्वारीचा मोठा पापड. भिजलेली ज्वारी उपसून, वाळवून, जाडसर दळायची. लसूण, मिरची, तीळ, जिरं घालून तिचा घाटा शिजवायचा. आणि तो हाताला चटके देत असतानाच, पाण्याचा हात लावत, ओल्या धोतरावर थापत सुटायचं. धोतर खाटेवर, खाट उन्हात. वरून वाळलं की धोतर उलटं करून पाठीमागून पाणी शिंपडायचं आणि बिबडं अलगद सोडवून घ्यायचं, झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून चादर काढावी तसं. पुन्हा ऊन दाखवायचं. मग डबा. सकाळी गॅसवर फिरवलं, चुरलं, वर कच्चं तेल, तिखट, कांदा, मूठभर शेंगदाणे. दोन मिनिटं. तिसरं मिनिट लागलं तर करणारा पाहुणा आहे असं समजावं.

आमच्या समोर कमलाक्का राहते. नवरा ट्रकवर, पोरं सुरतेला, वय साठीचं, मनगट पैलवानाचं. तिच्या हातचं बिबडं एवढं मोठं, की भाजताना एकानं गॅसपाशी उभं राहायचं आणि दुसऱ्यानं दाराबाहेर जाऊन दुसरी कड धरायची. आज सकाळी ती दुकानावरून गेली. जाता जाता थांबली. 

"काय रे भाऊ, यंदा हात चालतीन का तुन्हा?"

"चालतीन आक्का. तू सावलीमा बस, मी एकटा पुरे शे."

ती हसली. बायका माझ्या बोलण्यावर हसतात त्याला मी सरावलो आहे. पण हे हसू वेगळं. ज्यानं आपल्याला अगदी वाईट दिवशी पाहिलेलं असतं, त्याचं हसू. ती पुढे गेली, ज्वारीचा वास काउंटरवर तसाच बसून राहिला आणि माझ्या हातातली तांब्याची तार जागच्या जागी थांबली.

मी जळलेल्या मोटारी भरून देतो. विहिरीवरच्या, बोअरच्या. आतली काळी पडलेली तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजायचं, भाजायचं. उन्हाळा म्हणजे माझा दिवाळी-दसरा. विजेचा दाब पडतो, मोटारी पटापट जळतात आणि शेतकरी उजाडायच्या आत त्या खांद्यावर घेऊन दारात उभे राहतात. तेव्हा सकाळी घरात काय शिजतं, कोण काय खातं, हे मला लग्नानंतरची चौदा वर्षं ठाऊकच नव्हतं. ताट यायचं. ते कुठून यायचं हा प्रश्न मला पडला नाही. नळाला पाणी येतं तेव्हा धरणाची आठवण कोण काढतो?

ते धरण म्हणजे भारती, माझी बायको. तापीकाठच्या गावची, बारावी सायन्स. मी बघायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी पुढे करत तिनं मला एकच प्रश्न विचारला होता, "तुम्हना गावले दवाखाना शे का?" मी म्हटलं, "शे ना! मोठा शे. दूरदूरना लोक येतस." दवाखाना एका खोलीचा होता आणि डॉक्टर गुरुवारी यायचे. पण मुलीची तब्येत नाजूक असावी, तिला धीर द्यावा, असं मला वाटलं. तिला नर्स व्हायचं होतं हे मला दोन मुली झाल्यावर कळलं.

आणि मग लग्नाला चौदा वर्षं झाली त्या वर्षी, तेहतीस पूर्ण होत आलेली असताना, तिनं नर्सिंगच्या कोर्सला अर्ज केला. दोन वर्षांचा कोर्स, होस्टेलवर राहून. वयाची अट अशी, की यंदा नाही तर कधीच नाही. अर्ज केल्याचं तिनं मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "कर ना! त्यात काय? घर मी सांभाळतो." मी असं काहीही सांभाळतो म्हणत असतो. एकदा मी सरदार सरोवराच्या मोटारी सांभाळायलाही तयार झालो होतो.

एप्रिल सुरू होता. सकाळची शाळा. भारती कागदपत्रं आणि मुलाखतीसाठी तीन दिवस धुळ्याला गेली. जाताना दोन भाज्या, पीठ मळून, सगळं ठेवून गेली. ते पहिल्या दिवशी दुपारीच संपलं. मोठी मयूरी बारा वर्षांची, धाकटी निकी आठची. सकाळी सहाला दारात चार मोटारी आणि आठ शेतकरी. मी पोरींना म्हटलं, "चहा-खारी खाई ल्या आणि पया." दुसऱ्या दिवशी खारी संपली होती. तिसऱ्या दिवशी दूध.

तिसऱ्या दिवशी दुपारी भारती परतली. चप्पल काढायच्या आधी विचारलं, "पोरीसनी सकाये काय खादं?" आणि मी, देवा, मी सुरू झालो. पोहे. साधे नव्हेत. शेंगदाणे तळून घातलेले, वर बारीक शेव, लिंबू पिळलेलं. निकीनं दोनदा मागून घेतले. कोथिंबीर कुठून आणली तेही सांगितलं. मी कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत आलो होतो आणि दारात बाई उभ्या राहिल्या. निकीच्या वर्गशिक्षिका. त्यांच्या खांद्यावर निकी. पाठीमागे मयूरी, दोन दप्तरं घेऊन.

प्रार्थनेत पडली होती. ऊन अजून चढलंही नव्हतं. बाईंनी साखरपाणी दिलं, शाळेत झोपवलं आणि शाळा सुटल्यावर स्वतः उचलून आणलं. "पोटात काही नव्हतं तिच्या," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "असेल काही गडबड." मोठ्या मनाची बाई.

भारतीनं निकीला घेतलं. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर देण्यात मी मागे हटत नाही. तिनं निकीला भरवलं, पिशवीतून निवड झाल्याचा कागद काढला, घडी घालून गव्हाच्या डब्याखाली सरकवला.

"मन्हं जानं रद्द."

एवढंच. आवाजात राग नव्हता. हायवेवरून एखादा ट्रक जावा आणि मागे धूळही उडू नये, तसं झालं.

मी दोन दिवस गप्प होतो. गल्लीतली माणसं मला ताप आलाय का विचारून गेली. तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि म्हटलं, "मी वर्षाची न्याहारी करून ठेवतो. तू जायच्या आत. डबे भरून."

"तुम्ही?"

"मी."

"मोटारी सोडा तुम्हना भरोसावर," ती म्हणाली. "पोरी नही." मग बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. आणि खाली बघूनच पुढे म्हणाली, "जूनमा शाया उघडी. तठून आठ दिन. मी चुल्हापान येवाव नही. पोरी खाईसन गयात, तं बघसू."

जूनमध्ये शाळा उघडेल, तेव्हापासून आठ दिवस ती चुलीपाशी येणार नाही. पोरी खाऊन गेल्या तर बघू. हजर व्हायची तारीख जूनअखेरची होती. माझ्या हातात मे महिना होता.

मे महिना आमच्याकडचा म्हणजे काय सांगावं! कोंबडी अंडं घालते ते उकडलेलंच. त्या वर्षी तर दुकानासमोरच्या डांबरात एका गृहस्थाची चप्पल अडकली, ती अजून तिथंच आहे, फक्त वरून नवा रस्ता झालाय. अशा उन्हात बिबडे काय, दगड वाळेल. मी मनात सगळं आखलं. खरं तर गल्लीत बिबड्यांची एक रीत आहे. सावड. आज हिच्या घरी सगळ्या बायका थापायला, उद्या तिच्या घरी. खाटाही एकमेकींच्या. जी दुसरीच्या दारात बसली नाही, तिच्या दारात कुणी बसत नाही. पण मी म्हटलं, बायकांच्या घोळक्यात मी कुठं बसू? तार गुंडाळणारे हात आहेत आपले, केसाएवढी चूक नाही होत. एकटाच करतो.

ज्वारी भिजवली. घाटा शिजवला. थापताना तळहात असे भाजले, की पुढे आठवडाभर मी नमस्कार कोपरानं केला. पण झाले. आमची एक आणि ढाब्यावरून मागून आणलेल्या पाच, अशा सहा खाटा भरून बिबडे. कडा वाकड्या, मध्ये भोकं, एक तर हुबेहूब नंदुरबार जिल्ह्याच्या नकाशासारखं; मयूरीनं त्यात अक्कलकुवा दाखवला. भारती ओट्यावर बसून बघत होती. तिचे हात मांडीवर होते, पण बोटं आपसूक हलत होती, थापल्यासारखी.

आणि दुपारी आभाळ आलं. मे महिन्यात. पश्चिमेकडून काळं, गार वारं घेऊन. अर्धओले बिबडे झाकून ठेवले की सकाळपर्यंत बुरशी. धावत खाटा आत घेतल्या. घरात आता आम्हाला उभं राहायला जागा नाही. आणि तेव्हा मला ती कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की भारती आजही दाराबाहेर जाऊन उभी राहते.

दुकानात माझी भट्टी होती. जुनं लोखंडी कपाट, आत मोठे बल्ब. वार्निश पाजलेल्या मोटारी मी त्यात सुकवायचो. मी म्हटलं, उन्हाची काय मिजास? ऊन घरचं आहे! सगळे बिबडे कपाटाच्या फळ्यांवर मांडले, बल्ब लावले, दार बंद. तिन्हीसांजेपर्यंत असे कडक वाळले, की एकमेकांवर आपटले तर टाळ वाजावा. आणि चमक! तोंड दिसेल अशी. मी गल्लीला हाका मारल्या.

कमलाक्का पहिली आली. तिनं एक उचललं, नाकाजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"दिसाले झकास शे रे भाऊ," ती म्हणाली. "पन खाशी तं आतडासनी कॉईल बनी जाई."

वार्निश. वर्षानुवर्षं त्या कपाटानं जेवढं वार्निश प्यायलं होतं ते सगळं त्यानं माझ्या ज्वारीला परत दिलं होतं. एक तुकडा कावळ्यानं पळवला. तो त्यानंतर कित्येक दिवस विजेच्या तारेवर बसला की हटतच नव्हता. बायका हसून हसून खाटांवर पडल्या. मीही हसलो, मोठ्यानं, कारण दुसरं काय करणार? आणि हसता हसता ओट्याकडे बघितलं, तर भारती हसत नव्हती. ती गव्हाच्या डब्याकडे बघत होती. डब्याखालच्या कागदाचं टोक बाहेर आलं होतं. तिनं ते बोटानं आत ढकललं.

सगळं दुकानामागे खड्ड्यात पुरलं. गुरांनीही खाऊ नये असं अन्न मी केलं होतं. घरातली ज्वारी संपली होती.

दुसऱ्या दिवशी डोंगरपट्ट्यातून रायसिंगदादा मोटार घेऊन आले. सहा महिने बायको-मुलांसह गुजरातेत ऊसतोडीला जाणारा माणूस, उन्हाळ्यात परत. बोलणं कमी, मोजून. मी त्यांना कधी नव्हे ते खरं सांगितलं, न फुगवता. त्यांनी मोटारीवर टेकून ऐकलं.

"फडावर आम्ही सकाळी स्वयंपाक करतो का?" ते म्हणाले. "कोयता उचलायचा का तवा? नागली भाजून, दळून घेऊन जातो. सहा महिन्याची. संध्याकाळी पाण्यात कालवून ठेवायची. सकाळी एक उकळी, मीठ. पोरगं पिऊन घेतं, माणूस पिऊन घेतो. आंबील. पोटाला धरून ठेवते." मग म्हणाले, "एकट्याच्यानं नाही होत हे. आमची टोळी असते."

मोटार न्यायला आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, गाठोडं होतं.

त्या संध्याकाळी मी कमलाक्काच्या दारात गेलो. "आक्का, माले सावडमा ले." तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाई माणूसनी सावड शे ही." मी म्हटलं, "मग भारतीच्या नावानं घे." तिनं जरा विचार केला. "भारतीनं चौदा वरीस आम्हना खाटांवर हात फिरवा," ती म्हणाली. "तिना नावले कोन नही म्हनी?" आणि आत जाऊन एक ओला धोतराचा तुकडा माझ्या अंगावर फेकला.

मग मी थापले. अकरा घरांत. सकाळी सहा ते आठ दुकान बंद, जळलेल्या मोटारी दाराशी रांगेत बसून राहायच्या आणि शेतकरी कुंपणाबाहेर उभे राहून बायकांना सूचना द्यायचे, "ताई, त्याला जरा कोपऱ्यात बसवा, मधलं बिघडवतोय." बायकांनी माझी जात, गोत, बालपण, चाल, सगळ्याची चेष्टा केली. पण त्यांनी शिकवलं. हात दाबायचा नाही, नुसता सरकवायचा. घाटा जिथं जायचं म्हणेल तिथं जाऊ द्यायचं. तार ताणून गुंडाळणाऱ्या माणसाला हे शिकायला अकरा घरं लागली. बाराव्या दिवशी माझी पाळी. पहाटच फुटत होती आणि अकरा बायका आपापल्या खाटा डोक्यावर घेऊन आमच्या अंगणात आल्या. प्रत्येकीच्या पदरात ज्वारीचं पीठ. आमची एक खाट धरून बारा. मी घाट्याचं आधण चुलीवर चढवलं.

आणि भारती ओट्यावरून उठली. कमलाक्कानं तिच्याकडे न बघता म्हटलं, "तू बस व. आज तुन्ही सुट्टी शे." ती पुन्हा बसली. बसता येत नव्हतं तिला. पदराची गाठ मारत होती, सोडत होती.

नंतर मी सातू केला, गहू-डाळ्या भाजून, गूळ फोडून. दूध घालून दशम्या करायला शिकलो. त्या चार दिवस राहतात, म्हणजे माझ्याकडे दोन, कारण मीच खातो. पाच डबे फळीवर बसले. यात काय नवल? काहीच महाग नाही, काहीच अवघड नाही. ज्वारी, नागली, गूळ, ऊन. फक्त कुणीतरी पुढच्या सकाळचा विचार आदल्या महिन्यात करून ठेवलेला असतो. तो विचार घरात कोण करत होतं, ते मला डबे भरताना कळलं आणि चांगलंच झोंबलं, लसणाच्या घाट्यासारखं.

जून आला. शाळा उघडली.

पहिल्या सकाळी मी आंबील उतू घातली. ती गॅसखाली, ओट्यावरून, मोरीपर्यंत गेली, निकी म्हणाली आणखी थोडी असती तर शाळेपर्यंत गेली असती. पण भांड्यात उरली तेवढी दोघींनी प्यायली. दुसऱ्या दिवशी सातू इतका घट्ट, की चमचा उभा राहिला आणि पडायचं नाव घेईना. तिसऱ्या दिवशी मयूरीनं मला बाजूला सारलं. "पप्पा, जयी गयं!" आणि जळत आलेलं बिबडं माझ्या हातातून घेऊन स्वतः फिरवलं. चौथ्या, पाचव्या दिवशी तिघांची एक चाल बसली. निकी शेंगदाणे मोजून तिघांना वाटायची, स्वतःला एक जास्त. मयूरी चुरायची. मी कांदा कापायचो आणि रडायचो, कांद्यामुळे.

भारती आतल्या खोलीत अंथरुणावर पडून असायची. झोपलेली नाही. मला माहीत होतं. भांडं पडलं की तिच्या बांगड्या वाजायच्या. एकदा तेलाची बरणी घरंगळली, तर तिचं पाऊल उंबऱ्यावर आलेलं मी पाहिलं. मग मागे गेलं.

सातव्या दिवशी बांगड्या वाजल्या नाहीत. पोरी खाऊन, दप्तरं घेऊन, हळू आवाजात भांडत निघून गेल्या. मी दुकानात येऊन बसलो. साडेआठच्या सुमारास ती दुकानात आली. केस मोकळे, डोळे सुजलेले, तोंड न धुतलेलं. असं तिला मी कधी पाहिलंच नव्हतं.

"कोनी उठाडंच नही माले," ती म्हणाली.

मला वाटलं रागावली. मी उठून काही सांगणार, तेवढ्यात ती जळलेल्या मोटारींच्या मधल्या पाटावर बसली आणि रडू लागली. दोन गिऱ्हाइकं होती, ती शहाणी माणसं, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

"सा दिन जीव धाकमा व्हता, तुम्हले जमाव नही म्हनीसन," ती म्हणाली. सहा दिवस तुम्हाला जमणार नाही याचा धाक. "आज जमी गयं. मी झोपीच ऱ्हायनी. मन्हाबिगर जमी गयं."

या वाक्यात आनंद किती आणि दुःख किती, हे मी इतकी वर्षं तोलतोय. पारडं दरवेळी वेगळ्याच बाजूला झुकतं. त्या दिवशी मी तिच्यापाशी गेलो. माझ्या हाताला वार्निश लागलं होतं, म्हणून तिच्या डोक्यावर मनगट ठेवलं. संध्याकाळी तिनं गव्हाच्या डब्याखालून कागद काढला, झटकला आणि माळ्यावरची बॅग खाली घ्यायला मला सांगितलं.

जायच्या दिवशी फाट्यावर बसची वाट बघत उभे होतो. कमलाक्का आणि तीन-चार बायका सोडायला आल्या होत्या. सूचना चालल्या होत्या, सगळ्या माझ्यासाठी. कुठला डबा आधी उघडायचा, ओला हात कशाला लावायचा नाही. आणि निकीनं विचारलं, "मम्मी तठे काय खाई?"

पाच डबे भरले होते, बारा खाटांचे बिबडे, तीन माणसांची वर्षभराची सोय. भारतीसाठी कुणी एक बिबडंसुद्धा बांधलं नव्हतं. मी नाही, कमलाक्कानं नाही, खुद्द तिनंही नाही. कुणाच्या हिशेबातच नव्हतं. बस आली. ती खिडकीत बसली आणि म्हणाली, "देतस काहीतरी." देतात काहीतरी तिकडे.

त्या रात्री मी जेवलो नाही, असं मी पुढे सांगत आलो आहे. जेवलो होतो. पण चव नव्हती.

सकाळी सातला तिचा फोन आला. मी गॅसपाशी, पोरी खात होत्या. तिनं विचारायच्या आत मी सुरू झालो. बिबडं कसं फुललं, मयूरीनं कसं चुरलं, निकीनं किती खाल्लं. यातलं सगळं खरं होतं, एकही शेंगदाणा वाढवून नाही. आणि मध्येच थांबून विचारलं, "आणि तू? तू काय खादं?"

पलीकडे भांड्यांचा आवाज. खूप बायकांचं बोलणं.

"आजून नही," ती म्हणाली. "लायनीमा उभी शे. ताट हातमा शे."

"लाइन मोठी आहे का? तू सांग ना त्यांना, की तुला लवकर..."

"थांबा," ती म्हणाली. मग दूरवरचा आवाज, कुणीतरी बाई विचारत होती, आणखी घालू का. भारती तिला म्हणाली, "हो, घाला ना." स्पष्ट, शाळेतल्या मराठीत. ताटावर पळी आपटल्याचं मला ऐकू आलं.

मी म्हटलं, "हे बघ, पुढच्या आठवड्यात मी स्वतः येतो, डबा भरून आणतो, असा डबा की सगळं होस्टेल..."

"गरम शे हो," ती म्हणाली. "खाई लेवू द्या माले."

आणि तिनं फोन ठेवला. चौदा वर्षांत माझं बोलणं तिनं पहिल्यांदाच अर्ध्यावर तोडलं होतं. ते पुरं करायला मी पोरींकडे वळलो, तर त्यांची शाळेची जीप येऊन थांबली होती.